गोल न करणाऱ्या मुलीचा व्हिडिओ

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी कॅमेरावाली झाले हे ऐकून सांगलीची माझी धाकटी जाऊ फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. हसू दे बिचारीला. जन्मभर मी शिवणाचे क्लास घेतले, एका वेळी नऊ मशिनी आणि अठरा मुली सांभाळल्या, मला तीन पायांवर उभा केलेला एक कॅमेरा काय जड? आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात दुसरं कुणी त्या कामाच्या लायकीचं नव्हतं. नातीच्या मॅच शनिवारी, आणि मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिची शनिवारी हटकून ड्यूटी. जावई शनिवारी मोकळे, पण त्यांनी धरलेल्या कॅमेऱ्यातलं मैदान होडीत बसून बघितल्यासारखं दिसायचं. नातीच्या काठीला चेंडू लागला की हे स्वतःच चार पावलं धावायचे, कॅमेऱ्यासकट. म्हणून मी.

हे सगळं न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं, दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराचं. आमचे हे गेल्यावर मुलीने मला इकडे आणलं. जावई दूध पावडर करणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतात. नात तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्गात, आणि हॉकी खेळायची. आपली मैदानातली हॉकी, बर्फावरची नव्हे.

तिची जागा अगदी मागे, आपल्याच गोलच्या पुढ्यात. फुलबॅक म्हणतात. समोरच्या मुली चेंडू घेऊन सुसाट येतात आणि ही त्यांच्या काठीखालून तो अलगद काढून घेते. काढला की पुढच्या मुलीला देते आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहते. टाळ्या सगळ्या पुढे वाजतात, तिकडे गोल होतो म्हणून. चार वर्षांत हिने एकही गोल केला नव्हता आणि तिला त्याचं काहीसुद्धा वाटत नव्हतं. वाटायचं ते आम्हाला.

तर एका संध्याकाळी जेवताना ही म्हणाली, "मला अमेरिकेत कॉलेजला जायचंय. हॉकी खेळायला."

ती म्हणाली इंग्रजीत. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, आम्ही तिच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडच्या शिव्या दोघांना कळतात. मी इथे सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर तुम्हाला आणि मलाही त्रास.

जावयांचा घास हातातच राहिला. "हॉकी" हा शब्द तोवर आमच्या घरात "अभ्यास झाल्यावर" या शब्दांना धरूनच यायचा. मुलगी म्हणाली, "अगं, इथली युनिव्हर्सिटी घरापासून दहा मिनिटांवर आहे."

"ममा, इथे शाळा संपली की माझं खेळणं शनिवारपुरतं उरेल. तिथे रोज आहे. रोज शिकवतात. मी अजून चांगली होऊ शकते, ते मला बघायचंय."

तिने पोळीचा तुकडा तीनदा भाजीत बुडवला आणि तोंडात घातला नाही. मी शेजारीच बसले होते. पोरांनी हट्ट केला की मला काही वाटत नाही, हट्ट चार दिवसांत उतरतो. हा हट्ट नव्हता.

जावयांनी दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण उलटे झाले. अमेरिकेतली कॉलेजं खेळणाऱ्यांना बोलावून घेतात, शिकवतात, डिग्री देतात, हे कळल्यावर हॉकी एकदम अभ्यासाच्या पंगतीला जाऊन बसली. "आई, तुम्हाला माहितीये, ही मुळात स्कॉलरशिप आहे!" मला म्हणाले. जसं काही ही इतकी वर्षं गुपचूप गणितंच सोडवत होती, काठीने.

ऑकलंडला एक सल्लागार होता, मुलांना तिकडे पाठवणारा. पहिला अर्धा तास तो फुकट बोलायचा. जावयांनी तो अर्धा तास उसाच्या चिपाडासारखा पिळला. सल्लागार म्हणाला, व्हिडिओ करा. तीन मिनिटांचा, जास्त नको. सगळ्यात चांगलं ते सुरुवातीला. आपली मुलगी कुठली ते बाण दाखवून कळवा. तिकडच्या कोच लोकांकडे ढिगाने व्हिडिओ येतात, ते पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतात, बघायचं की पुढे जायचं.

मी आपली भाजी निवडत होते. म्हटलं, "म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखंच की. पोहे येईपर्यंत ठरलेलं असतं."

हे मी बोलायला नको होतं. जावयांच्या डोक्यात ते रुजलं आणि पंधरा दिवसांनी त्याला फळ आलं.

रविवारी सकाळी आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. पडदा काळा झाला, बासरी सुरू झाली, आणि समोर आमची नात, नऊवारीत, नाकात नथ, गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काढलेला फोटो. खाली उंची. मग रक्तगट. मग गणिताचे आणि फिजिक्सचे मार्क. मग भरतनाट्यमच्या तीन परीक्षा, त्यातल्या एकीचा फोटो, घुंगरांसकट. मग वडिलांचं शिक्षण, आईचा हुद्दा. मग "घरातील वातावरण सुसंस्कृत व निर्व्यसनी", इंग्रजीत. एक मिनिट पन्नास सेकंदांनी हॉकी आली, तीही जावयांनी स्वतः आधी कधी काढलेली, होडीतली.

"पप्पा," नात म्हणाली, "माझं लग्न आहे का?"

"अगं, इम्प्रेशन! फॅमिली बॅकग्राउंड सगळीकडे बघतात."

"आणि तो बाण माझ्यावर नाहीये."

खरंच नव्हता. इथे हिवाळ्यात सकाळी नदीवरून धुकं येतं, मैदानावर सगळ्या मुली राखाडी दिसतात. जावयांनी वेणी बघून बाण लावला होता, आणि दोन ठिकाणी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकीवर होता. मी लगेच ओळखलं. चालीवरून कळतं, वेणीवरून काय कळणार?

बाण सुधारले. बाकी काही सुधारलं नाही, कारण जावयांना ते सुधारण्यासारखं वाटलंच नाही, आणि आम्हाला खटकलं तरी करणाऱ्याचा उत्साह मोडवेना. अकरा कॉलेजांना व्हिडिओ गेला. दहा गप्प. एका कॉलेजच्या कोचबाईचं उत्तर आलं, उत्तरेकडच्या, पाच महिने बर्फ असलेल्या राज्यातून. नातीने ते मोठ्याने वाचलं.

"तुझ्या नृत्याबद्दल अभिनंदन. आम्हाला पुढच्या वर्षासाठी एक डिफेंडर हवी आहे, महिनाअखेर ठरवू. तुझ्याकडे खेळतानाचं काही आहे का?"

महिनाअखेरीला अठरा दिवस होते. बरं, खेळायचा सीझन संपलेला. नात फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. एकच दार, तेही किलकिलं, आणि तेही नाचामुळे बंद होता होता राहिलेलं.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. बूट आलेल्या खोक्यात मी अख्ख्या सीझनच्या कॅमेऱ्याच्या चिपा ठेवल्या होत्या, एकेका चिपेवर चिकटपट्टी लावून तारीख घातलेली. लावल्या टीव्हीवर. पहिल्या मॅचची वीस मिनिटं झाली आणि जावई अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई, चेंडू कुठंय?"

"असेल की तिथेच कुठेतरी."

"दिसत नाहीये."

"अहो, मी माझ्या नातीला बघायला जाते, चेंडूला नाही."

मॅचभर नात. नात उभी आहे. नात डावीकडे सरकते. नात हाताने कुणाला तरी काही दाखवते. नात वेणी घट्ट करते. आणि मागे माझा आवाज, मला स्वतःलाच धक्का बसला इतका. "टोपी घालायची होतीस गं." "डावीकडे बघ, डावीकडे!" एका ठिकाणी हिने समोरच्या मुलीचा चेंडू असा काही काढला की टीव्हीसमोर जावई उठून उभे राहिले, आणि त्याच क्षणी मी मैदानाकडेला शेजारच्या गोऱ्या बाईला सांगतेय, "नो नो, नो वॉटर. लेमन, सॉल्ट, चिली, सन. फिफ्टीन डेज." लिंबाच्या लोणच्याची कृती.

मुलगी उशीत तोंड घालून हसत होती. जावई हसले नाहीत. "गोल एकही नाही," ते म्हणाले. "हायलाइट म्हणजे गोल. क्रिकेटचे हायलाइट लागतात, त्यात काय असतं? चौकार, षटकार, विकेट. चेंडू सोडून दिलेला कोणी दाखवतं का?"

आणि इथे त्यांना ती कल्पना सुचली. रविवारी सकाळी हॉकीचं मैदान तासाभरासाठी घ्यायचं. मंडळाची माणसं बोलवायची, त्यांची एक टीम करायची. नात पुढे खेळेल, चौघापाचांना चकवून गोल करेल, सात-आठ गोल झाले की काम फत्ते.

"पप्पा, हे चीटिंग आहे."

"चीटिंग कसलं? प्रॅक्टिस मॅच आहे. प्रॅक्टिस मॅचचा व्हिडिओ काढू नये असा नियम आहे का?"

"मी मुलींच्या टीममध्ये खेळते. समोर काका लोक असतील."

"लांबून घेऊ. लांबून मिशा दिसत नाहीत."

ती हो म्हणाली. एरवी खोटं न खपणारी ही पोर, शाळेत मैत्रिणीच्या वहीतून एक ओळ उतरवून घेतली म्हणून स्वतःच बाईंना सांगून आलेली, ती हो म्हणाली. तिला किती हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. आणि मी तरी कुठे नाही म्हटलं? मंडळातल्या बायकांना फोन करून त्यांचे नवरे गोळा केले ते मीच.

आपल्या माणसांना कशालाही बोलवा, ती येतात, आणि डबे घेऊन येतात. रविवारी साडेनऊला मैदानावर एकोणीस पुरुष, त्यांच्या बायका, दोन मोठी पातेली उपमा, बटाटेवडे आणि चहाचे चार थर्मास. एक जण जँडल्समध्ये आला होता, म्हणजे आपल्या रबरी चपला, त्याला बूट आणायला परत पाठवलं. दोघांनी क्रिकेटचे पॅड बांधलेले. काठ्या शाळेतून उसन्या आणलेल्या, त्या मुलींच्या मापाच्या, त्यामुळे सगळे कमरेत वाकून केर काढल्यासारखे दिसत होते. आणि टीम वाटावी म्हणून एकसारखे कपडे हवेत, तर एकसारखे कपडे मंडळाकडे एकच. ढोलपथकाचे भगवे टी-शर्ट, पाठीवर गणपती. असे अकरा गणपती मैदानात उतरले, प्रत्येकाच्या पुढे स्वतःचं पोट.

जावयांनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. "लक्षात ठेवा, ती आली की बाजूला व्हायचं. पण एकदम नाही. थोडा प्रयत्न केल्यासारखं करायचं."

"म्हणजे घरी करतो तसंच," कुणीतरी म्हणालं. बायका फिदीफिदी हसल्या.

त्यात एक गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले, कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत इंजिनिअर, मूळचे पुण्याजवळच्या खडकीचे. खडकीत म्हणे पोरं चालायला लागतात ती काठी धरून. ते कॉलेजातर्फे खेळलेले होते आणि ही गोष्ट मंडळातल्या प्रत्येकाला निदान सहा वेळा माहीत होती. ते म्हणाले, "मी बाजूला बिजूला होणार नाही हां. माझी मुलं बघतायत."

"अहो, पण व्हिडिओसाठी आहे."

"तेच तर. व्हिडिओ कायम राहतो."

मी कॅमेरा लावला. या वेळी चेंडू दिसलाच पाहिजे अशी मला सक्त ताकीद होती.

सुरू झालं. नात चेंडू घेऊन निघाली. पहिले काका बाजूला झाले, फार लवकर झाले, ती अजून दहा पावलं लांब होती. दुसरे बाजूला होता होता पडले. तिसरे बाजूला झाले आणि वाकून म्हणाले, "या, या." ती गोलसमोर पोचली. गोलमध्ये मंडळाचे खजिनदार, अंगाने भरभक्कम, वर शाळेच्या गोलकीपरचे पॅड बांधल्याने जवळजवळ पूर्ण गोल त्यांनीच व्यापलेला. त्यांना सांगून ठेवलं होतं, डोळे मिटा आणि डावीकडे सरका. ते सरकले. हिनेही डावीकडे मारला. चेंडू थाडकन पॅडवर.

"सॉरी, सॉरी! परत!"

परत. या वेळी ते उजवीकडे सरकले आणि ही दचकून उजवीकडे. पाच वेळा चेंडू त्यांनाच लागला. सहाव्या वेळी ते डोळे मिटून जागचे हललेच नाहीत, आणि हिने मारलेला बाहेर गेला. तिला सवयच नव्हती हो. चार वर्षं जी पोर गोलकडे पाठ करून उभी राहिली, तिला एकदम तोंड फिरवून उभं केलं, तर ती बावरणार नाही तर काय? तिचे कान लाल झाले होते. मला तिथून दिसत होते.

आणि मग खडकीच्या गृहस्थांना चेंडू मिळाला.

त्यांनी तो काठीशी घेतला आणि माणूस बदलला. पोट आत गेलं, मान खाली, आणि निघाले सुसाट दुसऱ्या गोलकडे. त्या गोलमध्ये कुणीच नव्हतं, कारण तिकडे कुणी जाईल असं ठरलंच नव्हतं. "अहो काका, इकडे नाही!" जावई ओरडताहेत. ते कसले ऐकतात! बायका उठून उभ्या राहिल्या.

नात उलटी पळत आली. सरळ त्यांच्या अंगावर नाही गेली, थोडी बाजूने, त्यांना कडेला रेटत रेटत, आणि एका क्षणी काठी अशी खाली घातली की काका पुढे गेले आणि चेंडू हिच्याकडे राहिला. काका पाच पावलं तसेच धावले. मग थांबून काठीच्या टोकाकडे बघत राहिले.

"नशीब," ते म्हणाले. "परत."

परत झालं. चार वेळा झालं. दरवेळी त्यांनी खडकीतलं काहीतरी नवीन काढलं, आणि दरवेळी हिने तो चेंडू काढून घेतला, परडीतलं फूल उचलावं तसा. चौथ्या वेळी ते धापा टाकत गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. "कोणी शिकवलं गं तुला?" म्हणाले. त्यांची मुलं जोरजोरात टाळ्या वाजवत होती, अर्थात तिच्यासाठी.

"मी शिकवलं," मागून इंग्रजीत आवाज आला.

नातीच्या शाळेच्या कोचबाई. उंच, रुंद खांद्यांची बाई, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली, शाळेत भूगोल शिकवायची. पुढचा तास तिने लहान मुलींसाठी घेतला होता आणि ती लवकर आली होती. किती वेळ उभी होती देव जाणे. "किया ओरा, आजी," मला म्हणाली. किया ओरा हा त्यांचा नमस्कार, आजी हा शब्द तिने नातीकडून उचललेला. मग भगव्या टी-शर्टांकडे, क्रिकेटच्या पॅडांकडे आणि उपम्याच्या पातेल्यांकडे तिने एकेक करून बघितलं. "हे काय चाललंय?"

खजिनदारांचे डोळे अजून मिटलेलेच होते, त्यांना कुणी उघडा म्हणून सांगितलं नव्हतं.

नातीने सांगून टाकलं. सगळं. नऊवारीपासून.

मला वाटलं बाई चिडेल. ती आधी पोट धरून हसली. मग जावयांना बाजूला घेतलं, आणि मी कॅमेरा गुंडाळण्याच्या निमित्ताने जवळ सरकले. ती म्हणाली, "तुम्ही हिला गोल का करायला लावताय? त्यांना डिफेंडर हवी आहे. हिचं काम म्हणजे काही घडू न देणं. मी हिचे झालेले गोल मोजत नाही, न झालेले मोजते."

"पण न झालेल्या गोष्टीचा व्हिडिओ काढायचा कसा?" जावई अगदी काकुळतीने म्हणाले.

त्यांचंही खरं होतं. दूध उतू गेलं नाही, याचा व्हिडिओ कोणी काढून दाखवावा? मी चाळीस वर्षं शेगडीपाशी उभी होते, कुणाला दिसलं का कधी? उतू गेलेलं तेवढं सगळ्यांना दिसायचं. पण हे मी मनातच म्हटलं, कारण वडे गार होत होते.

"एक अख्खी मॅच पाठवा," बाई म्हणाली. "न कापता. कुठली ते तिला ठरवू दे." आणि वडा घेऊन ती आपल्या मुलींकडे गेली.

नातीने घरी येऊन माझं खोकं उघडलं आणि सरळ एक चिप काढली. उपांत्य सामन्याची. आम्ही तो एका गोलने हरलो होतो, आणि तो एक गोल हिच्या चुकीने झाला होता.

घरात मग असं भांडण झालं की काय सांगू. जावई हात जोडायचे बाकी राहिले. "अगं, चूक कशी दाखवायची? बायोडेटात कोणी लिहितं का, मुलीला स्वयंपाक येत नाही?"

"तुझ्या बायोडेटात घोरणं लिहिलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "लिहिलं असतं तर बरं झालं असतं."

"तू गप्प बस. एकच तर संधी आहे, आणि ही त्यांना जाऊन सांगणार की बघा मी कशी चुकते!"

"पप्पा, चुकल्यावर मी काय करते तेही त्यात आहे," नात म्हणाली. "मला तेच पाठवायचंय. त्यांनी मला नऊवारीतली समजून घेतलं, किंवा गोल करणारी समजून घेतलं, तर तिथे गेल्यावर मी काय करू?"

तिने त्या सामन्याचा पहिला अर्धा भाग आमच्यासमोर लावला. दहाव्या मिनिटाला समोरची एक लांब पायांची मुलगी येते. आमची नात घाई करते, काठी लवकर घालते, ती मुलगी निसटते, आणि गोल. चेंडू कुठे गेला ते दिसत नाही, कारण कॅमेरा नातीवर. ती एक क्षण उभी राहते. मग स्वतःच जाऊन जाळीतून चेंडू काढते आणि मधल्या मुलीकडे देते. माझा आवाज मागे, "असू दे, असू दे, असू दे," वीस वेळा तरी. मला आठवतही नव्हतं मी बोलले ते. त्यानंतरची वीस मिनिटं मात्र तिच्या बाजूने एक मुंगी आत गेली नाही.

नातीने माझं ते "असू दे" मागे नेऊन पुन्हा ऐकलं. जावई म्हणाले, निदान आवाज तरी बंद कर. ती नाही म्हणाली आणि तिने अख्खी मॅच आवाजासकट पाठवून दिली.

सहा दिवसांनी सकाळी आठला अमेरिकेतल्या त्या कोचबाईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून आदल्या दिवशीचीच दुपार होती. आम्ही तिघं कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने स्वयंपाकघराच्या दारात उभे.

कोचबाई पहिल्यांदा गोलबद्दलच बोलली. "घाई केलीस."

"हो. तिच्या पायांकडे बघितलं, चेंडूकडे नाही."

"मग?"

"मग उरलेला वेळ चेंडूकडे बघितलं."

बाई हसली. म्हणाली, "हे शूटिंग कोणी केलंय? अर्धा वेळ चेंडू दिसतच नाही."

"माझ्या आजीने. सॉरी."

"सॉरी नको. चेंडू लांब असताना तू कुठे उभी राहतेस, हे मला बघायचं असतं, आणि ते कुणीच पाठवत नाही." मग जरा थांबून, "तरी आजीला सांग, अधूनमधून चेंडू दाखवला तर चालेल."

जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसता पदर सारखा केला. बोलायचं नंतर बरंच होतं, जवळजवळ वर्षभर पुरलं.

पुढच्या आठवड्यात कागद आले. जागा तिची. पहिल्या वर्षी बहुधा बाकावर बसावं लागेल, हे स्पष्ट लिहिलं होतं, पण जागा तिची. नातीने माझ्या गळ्यात पडून मला जवळजवळ उचललं. वडिलांची सही हवी होती, कारण ती अठराची नव्हती. कागद जावयांकडे दिले.

आणि कागद जावयांच्या ऑफिसच्या बॅगेत जाऊन बसले. एक दिवस, दोन दिवस. "वाचतोय." तिसऱ्या दिवशी जेवताना सुरू झाले. "तिकडे फार थंडी आहे हं."

"पप्पा, इथे मी पहाटे धुक्यात खेळते."

"जेवणाचं काय? तिथे सगळं मांसच खातात."

"मी पण खाते."

"कधीपासून?" हे त्यांना नवीन होतं. मला आणि मुलीला नव्हतं. "आणि बाकावर बसवणार म्हणे! इतक्या लांब जाऊन बाकावर? इथल्या युनिव्हर्सिटीत काय हॉकी नाही? घरापासून दहा मिनिटं."

मुलीने डाळीची वाटी खाली ठेवली. "अकरा कॉलेजांना व्हिडिओ कोणी पाठवला? मी पाठवला का? सगळ्या मंडळाला भगवे टी-शर्ट घालून रविवारी सकाळी कोणी नाचवलं?"

"मला काय माहीत कुणी खरंच हो म्हणेल!"

एकदम बोलून गेले ते. मी पाण्याचा ग्लास उगाचच इकडचा तिकडे ठेवला. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. शनिवारी धुक्यात उभी राहून मी त्या पोरीला बघत होते तेव्हा मला कुठे तिला पाठवायचं होतं? मला फक्त बघायचं होतं.

नात उठून बापाच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "मग हे सगळं कशाला केलंत, पप्पा?"

"तुला हवं होतं ना, म्हणून."

"अजून हवंय."

जावयांनी बॅग आणली. कागद काढले, चष्मा पुसला, पेन उघडलं आणि सही ठोकली, एकदम, विचार बदलायच्या आत. नातीने बघितलं आणि डोक्याला हात लावला. खेळाडूने जिथे सही करायची तिथे बापाने केली होती.

आत जाऊन तिने ते पान पुन्हा छापून आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. या वेळी त्यांनी पेन उचलण्याआधी कागदावर बोट ठेवलं.

"इथेच ना?"

"हो, इथेच," ती म्हणाली, आणि त्यांची सही होईपर्यंत तिने कागद दुसऱ्या बाजूने धरून ठेवला.